पहिला तास कुणाचा

आमच्या शाळेचं टाइमटेबल मी करायला घेतलं, त्याला कारण माझी जुनी नोकरी. बारा वर्षं मी इथे बेंगळुरूमध्येच सॉफ्टवेअरमध्ये होते. ते सोडून यशवंतपूरजवळच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागले, तेव्हा नागपूरहून आईने फोनवर दोन दिवस माझी उलटतपासणी घेतली होती. शाळेत मात्र सगळ्यांनी एवढंच लक्षात ठेवलं, की हिला कॉम्प्युटर येतो. प्रिंटर अडकला की मला बोलावणं, प्रोजेक्टर बंद पडला की मला बोलावणं. त्यामुळे मार्चमध्ये गणिताचे जुने सर निवृत्त झाले आणि टाइमटेबल कोण करणार हा प्रश्न आला, तेव्हा स्टाफरूममधल्या तीसच्या तीस माना माझ्याकडे वळल्या.

सरांनी ते काम कित्येक वर्षं हाताने केलं होतं. लायब्ररीच्या मोठ्या टेबलावर ते रंगीत पुठ्ठ्याचे तुकडे मांडायचे आणि मे महिनाभर त्यांची जागा बदलत बसायचे. त्यांच्या डोक्यात काय चाललंय हे कुणाला कधी कळलं नाही. जूनमध्ये टाइमटेबल लागायचं, कुणी थोडं कुरकुरायचं आणि वर्ष सुरू व्हायचं.

प्रिन्सिपल मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्या माझ्याशी हिंदीत बोलायच्या. म्हणाल्या, "तुमच्यासाठी काय, एका क्लिकचं काम आहे."

एका क्लिकचं नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. पाचवी ते दहावी, प्रत्येकी तीन तुकड्या, एकतीस शिक्षक, दिवसाला आठ तास. एवढ्या गोष्टी मांडण्याच्या रीती इतक्या होतात की एकेक तपासत बसायला कॉम्प्युटरला सुद्धा जन्म पुरणार नाही. अशा वेळी सगळ्यात उत्तम उत्तर शोधायचं नसतं, पुरेसं चांगलं शोधायचं असतं. आधी सगळे तास कसेही भरून टाकायचे. मग त्या मांडणीतल्या चुकांना गुण द्यायचे: एक शिक्षक एकाच वेळी दोन वर्गांत दिसला तर हजार, एका दिवशी एकाच वर्गाला गणिताचे तीन तास आले तर वीस, जेवणानंतर लगेच खेळाचा तास आला तर दहा. या गुणांना आम्ही दंड म्हणतो. मग प्रोग्राम कुठलेही दोन तास उचलतो, त्यांची अदलाबदल करतो आणि दंड पुन्हा मोजतो. कमी झाला तर बदल ठेवायचा. वाढला तरी सुरुवातीला अधूनमधून ठेवायचाच, कारण नुसतं सुधारतच गेलं तर एका जागी येऊन अडकायला होतं. पुढे पुढे वाईट बदल स्वीकारणं कमी कमी करत न्यायचं. असं लाखो वेळा केलं की दंड खाली येत येत शून्याच्या जवळपास पोचतो.

जुन्या नोकरीत मी याच पद्धतीने गोदामांतल्या गाड्यांचे मार्ग आखले होते. म्हटलं, गाड्या तर गाड्या, आता शिक्षक. हे वाक्य मी माझ्या नवऱ्याला मोठ्या उत्साहाने ऐकवलं होतं, ते आठवलं की आता लाज वाटते.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी सगळ्यांच्या अडचणी गोळा केल्या. एक फॉर्म फिरवला. फॉर्मवर कुणी काही लिहिलं नाही, पण कॉरिडॉरमध्ये प्रत्येकाने गाठून सांगितलं. फिजिक्सचे सर तर वर्गात शिरले. मुलं कॉम्प्युटरवर बसलेली असताना इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, मला लंचनंतर एकही पिरियड नको. एकही. प्रिन्सिपल मॅडमशी माझं बोलणं झालंय." ते संध्याकाळी एका कोचिंग क्लासमध्ये शिकवतात हे सगळ्या शाळेला माहीत होतं. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "दहावीचा निकाल त्यांच्यावर आहे. त्यांचं पक्कं धरा." मी पक्कं धरलं. शंभर.

कन्नड शिकवणाऱ्या अक्का मला जिन्यात भेटल्या. शाळेत मराठी बोलणारं माझ्याशिवाय त्या एकट्याच. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, म्हणून मी अक्का म्हणायचे. माहेर बेंगळुरूच्याच शिवाजीनगरचं, घराण्याला इथे येऊन किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असायचं आणि ते कानाला गोड लागायचं. हातात वह्यांचा गठ्ठा होता.

"अगं, ते टाइमटेबल तू करतीयस न्हवं? मला पहिला तास नको बघ. स्वल्प बघ की, जमलं तर."

"बघते अक्का," मी म्हणाले.

आणि बघितलंही. प्रोग्राममध्ये एक ओळ लिहिली: कन्नड, पहिला तास नको, दंड दोन. "जमलं तर" या शब्दांचं मी आकड्यात केलेलं भाषांतर ते.

मे महिनाभर मी घरी जेवणाच्या टेबलावर बसून प्रोग्राम चालवत होते. पहिल्या दिवशी दंड चाळीस हजारांवरून तासाभरात तीनशेवर आला आणि मला उगाच वाटलं की आज संपणार. तीनशेवरून एकेचाळीसवर यायला आठवडा गेला. मग एकेचाळीसवर जे थांबलं ते हलेना. अदलाबदल वाढवली, वाईट बदल जास्त स्वीकारून पाहिले, पार नव्याने सुरुवात केली. पुन्हा एकेचाळीस. मग मॅडमचा फोन, की खेळाचं मैदान मंगळवारी दुसऱ्या शाळेला दिलंय. ते घातलं. मग फोन, की संस्कृतचे शिक्षक दुसरीकडेही शिकवतात, ते फक्त जेवणाच्या सुट्टीपर्यंतच असतील. हे मला मेच्या तिसऱ्या आठवड्यात कळलं!

"मॅडम, हे आधी का नाही सांगितलं?"

"अरे, हे तर सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना माहीत आणि लिहिलेलं कुठेच नाही, अशा गोष्टी रोज एकेक करून येत राहिल्या. भाषेचा तास तर खासच दुखणं. कन्नड, हिंदी, संस्कृत हे मुलं निवडतात, त्यामुळे एका इयत्तेच्या तिन्ही तुकड्या एकाच वेळी फुटून आपापल्या भाषेच्या वर्गात जातात. म्हणजे एक तास हलवायचा तर नऊ जागी धक्का. मी चिडून लॅपटॉप मिटायचे, गच्चीवर जाऊन वाळलेले कपडे काढायचे आणि परत येऊन उघडायचे.

शाळा उघडायला आठ दिवस असताना दंड अकरावर आला. मला नाचावंसं वाटलं. एकही मोठा नियम मोडलेला नव्हता. टाइमटेबल छापलं, आणि त्यासोबत नियमांची यादीही छापली: नियम, त्याचं वजन, किती वेळा मोडला. आपण किती बारकाईने काम केलंय हे लोकांना दिसावं, एवढाच हेतू होता. दोन्ही कागद स्टाफरूमच्या बोर्डावर लावले.

शिक्षक शाळेत आले त्या सकाळी बोर्डापुढे गर्दी झाली. फिजिक्सचे सर नुसतं बघून "गुड, गुड" म्हणत निघून गेले. गर्दी ओसरली तरी अक्का उभ्या होत्या. चष्मा वर करून यादी वाचत होत्या.

"इकडं ये की," त्यांनी मला बोलावलं. "हे दोन म्हणजे काय?"

मी समजावलं. नियम मोडला तर किती वाईट, त्याचा तो आकडा.

"आणि हे शंभर?"

"ते फिजिक्सच्या सरांचं."

"म्हणजे त्यांचं शंभर, माझं दोन."

"तसं नाही अक्का. ते आपलं प्रोग्रामपुरतं..."

"मी स्वल्प बघ म्हणाले, म्हणून दोन?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. खरंच विचारत होत्या. पलीकडे भूगोलाच्या बाई डबा उघडत होत्या, त्यांना मराठी कळत नव्हतं, तरी त्यांनी डबा तसाच धरून ठेवला.

टाइमटेबलात अक्कांना आठवड्यातून चार दिवस पहिला तास होता. चार दुणे आठ. अकरापैकी आठ त्यांचे होते आणि मी नाचायला निघाले होते.

दुपारी मी त्यांच्याशेजारी बसून नीट विचारलं. जे एप्रिलमध्ये विचारायला हवं होतं, ते. अक्का शहराबाहेरच्या, पार लांबच्या आनेकलहून यायच्या. लग्नानंतरचं घर तिकडे. सासूबाई दोन वर्षांपूर्वी मोरीत पडल्या, तेव्हापासून अंथरुणावर. त्यांना पुसून, खायला घालून, कूस बदलून द्यायची. दिवसभर बघणारी बाई साडेसहाला यायची, त्याआधी घर सोडता यायचं नाही. मग दोन बस. कितीही धावलं तरी पावणेनऊ, नऊ. पहिला तास सुरू व्हायचा आठ पंचवीसला. ज्यांना पहिला तास नाही त्यांनी उशिरा आलं तरी चालतं, अशी शाळेत सवलत होती आणि त्या सवलतीवर त्यांची नोकरी उभी होती.

"पण अक्का, हे तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"जिन्यात काय सांगू? आणि जुन्या सरांना एकदाच सांगितलं होतं. मग दरसाल ते आपणच बघत होते."

मी घरी येऊन त्यांच्या ओळीत दोनच्या जागी शंभर लिहिलं आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. दंड शंभरच्या खाली उतरायलाच तयार नाही. फिजिक्सच्या सरांचे चोवीस तास जेवणाच्या आत बसवायचे, ते सगळे नववी-दहावीला. संस्कृतही जेवणाच्या आतच. ओढाताण करून नववीचा भाषेचा तास पुन्हापुन्हा सकाळी पहिलाच येऊन पडायचा. आणि नववीचं कन्नड अक्कांकडे. एक शंभर वाचवायला गेलं की दुसरं फुटायचं.

मी मॅडमकडे गेले. म्हटलं, सरांनी आठवड्यातून दोन दिवस, फक्त दोन तास जेवणानंतर घेतले तर सगळं सुटतं.

"ते ऐकायचे नाहीत."

"तुम्ही सांगून तर बघा."

"सोमवारी शाळा उघडतेय. एवढं मोठं सॉफ्टवेअर आहे तुमच्याकडे, काहीतरी बघा ना."

सरांकडे मीच गेले. ते लॅबमध्ये बॅटऱ्या तपासत होते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आय अंडरस्टँड, मॅडम. पण हा त्यांचा पर्सनल प्रॉब्लेम आहे." तुमचा कोचिंग क्लास काय सार्वजनिक आहे का, हे माझ्या ओठांवर आलं होतं. बोलले नाही. का बोलले नाही, याचा राग मला अजून येतो.

शेवटी निवृत्त सरांना फोन केला. त्यांना इंग्रजीत सगळी कथा सांगितली, दंड, वजनं, अदलाबदल. ते शांतपणे ऐकत होते. मग विचारलं, "नववीचं कन्नड तिच्याकडेच का?"

"सर, कुणी कुठला वर्ग घ्यायचा ते मॅडमनी दिलेलं होतं. मी फक्त वेळ बसवते."

"मी तेही बदलायचो," ते म्हणाले. "वेळ बसत नसेल तर माणूस बदलायचा. दुसरी तरुण टीचर आहे ना कन्नडची? ती जवळ राहते. तिला नववी दे, तिची सहावी हिला दे."

मी फोन ठेवला आणि स्वतःवरच हसले, पण ते काही बरं हसणं नव्हतं. माझा प्रोग्राम महिनाभर लाखो मांडण्या धुंडाळत होता. पण कोण कुठल्या वर्गाला शिकवतो ही गोष्ट मी त्याच्या हातातच दिली नव्हती. जिथे उत्तर होतं तिथे जायची परवानगीच नसेल, तर तो कितीही धावला तरी काय सापडणार?

मॅडमनी अदलाबदलीला लगेच होकार दिला. त्यांच्या दृष्टीने कन्नडच्या दोन शिक्षिका म्हणजे दोन सारख्याच शिक्षिका होत्या. प्रोग्राम चालवला. वीस मिनिटांत दंड तीनवर. अक्कांना एकही पहिला तास नाही.

शुक्रवारी मी नवा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पहिला रकाना बघितला, सगळा रिकामा. मग बोट खाली आणत गेल्या.

"नववी कुठाय?"

मी सांगितलं.

अक्कांची नववी म्हणजे काय, हे शाळेत कुणालाही विचारावं. घरी कन्नड न बोलणारी मुलं, निम्मी हिंदीवाली, कुणी तमिळ, कुणी आमच्यासारखी पुण्या-नागपूरकडची. पाचवीपासून कन्नडला घाबरणारी. ती नववीत अक्कांच्या हाताखाली आली की दिवाळीपर्यंत बसमधल्या कंडक्टरशी भांडण्याइतकं कन्नड बोलायला लागायची. वर्षाच्या शेवटी त्या मुलांकडून एक नाटक बसवून घ्यायच्या. ते मुलंच लिहायची.

"नववी राहिली तर पहिला तास येतो, अक्का. दोन्ही नाही बसत. मी खूप..."

"सरी, ठीक," त्या म्हणाल्या. कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. "सरी ग. तू तरी काय करणार."

मला त्यांनी चार शब्द सुनवायला हवे होते. त्यांनी सुनवले नाहीत, आणि मी तीनवर आलेला दंड घेऊन बसून राहिले.

ऑगस्टमध्ये फिजिक्सचे सर शाळा सोडून गेले. त्या कोचिंग क्लासने त्यांना पूर्ण वेळ घेतलं. एका महिन्याची नोटीससुद्धा नीट दिली नाही. त्यांच्या जागी आलेल्या बाईंना जेवणानंतरचे तास चालत होते, उलट तेच हवे होते. मी त्याच दिवशी सरांची ओळ पुसली, अक्कांना नववी परत दिली आणि प्रोग्राम चालवला. एकही पहिला तास न देता सगळं बसलं. दंड चार. कागद घेऊन मी जवळजवळ धावतच केबिनमध्ये गेले.

मॅडमनी कागदाकडे बघितलंही नाही. "आता मध्येच? मुलांना नव्या टीचरची सवय झालीय. पालक विचारतील. पुढच्या वर्षी बघू."

"मॅडम, ज्या कारणासाठी बदललं ते कारणच आता शाळेत नाही."

"पुढच्या वर्षी," त्या म्हणाल्या आणि फोन उचलला.

मी बाहेर आले. शाळेच्या फाटकासमोर बाजारात माल उतरवणाऱ्या लॉऱ्यांची रांग लागली होती आणि एक ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता. तो आवाज मला त्या क्षणी फार बरोबर वाटला.

अक्कांना मी हे सांगितलंच नाही. सांगून काय, तर नववी मिळू शकत होती पण मिळाली नाही, हे? पण स्टाफरूममध्ये गोष्टी राहत नाहीत. आठवड्याभराने त्याच म्हणाल्या, "केबिनमध्ये भांडून आलीस म्हणं माझ्यासाठी?" आणि त्यांच्या डब्यातलं अर्धं चित्रान्न, म्हणजे लिंबूभात, माझ्या झाकणात घातलं. त्या सहावीला कन्नडची मुळाक्षरं गिरवून घेत होत्या आणि नववीची मुलं मधल्या सुट्टीत त्यांच्या वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहायची.

मार्चमध्ये ट्रस्टच्या बैठकीत प्रिन्सिपल मॅडमनी सांगितलं, की आमचं टाइमटेबल आता कॉम्प्युटर करतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ट्रस्टची दुसरी शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्यांनाही ते हवं, असं ठरलं. मे महिन्यात मला तिकडे पाठवलं.

तिथल्या ऑफिसातले गृहस्थ मोठे टापटिपीचे होते. त्यांनी मला खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि एक कागद पुढे केला. सगळे नियम एका पानावर, क्रमांक घालून, स्वच्छ टाइप केलेले. गेल्या मेमध्ये मला जे हवं होतं ते नेमकं हेच, एक वर्ष आधी मिळालं असतं तर मी त्यांच्या पाया पडले असते.

"हे कुणी लिहिलं?" मी विचारलं.

"मीच. ऑफिसात बसून केलं सगळं."

"शिक्षकांशी बोलून?"

"शिक्षक सुट्टीवर आहेत, मॅडम. त्यांना कशाला त्रास? तुम्ही फक्त रन करा."

मी कागद पुन्हा वाचला. त्यात तीस-पस्तीस माणसं होती आणि एकाचीही अडचण नव्हती. कॉफी संपवली. म्हटलं, "त्यांना बोलावता येईल का? प्रत्येकाशी दहा-पंधरा मिनिटं. बसून."

"एवढा वेळ नाही हो. सॉफ्टवेअर आहे म्हणूनच तर तुम्हाला बोलावलं."

मी लॅपटॉप बॅगेतून काढलाच नाही. शिक्षक आले की कळवा, येते, असं सांगून उठले. त्यांनी कळवलं नाही. नंतर ऐकलं, की त्यांनी बाहेरून एक तयार सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि ते एका क्लिकमध्ये चालतं.